एक मूल, एक पान

पोरी, पवित्र पोर्टलवरून तुझी नेमणूक झाली, शाळा पाथर्डी तालुक्यात मिळाली, असा फोन आला आणि मी आधी माळ्यावरची पत्र्याची पेटी खाली काढायला लावली. तुझ्या पणजीच्या, म्हणजे माझ्या आईच्या वह्या त्या पेटीत आहेत. त्याच तालुक्यात तिने आयुष्यातली सगळी उमेदीची वर्षं काढली. सातवीची फायनल झाली, ट्रेनिंग झालं आणि १९५४ साली ती लोकल बोर्डाच्या शाळेत लागली. १ मे १९६२ ला जिल्हा परिषदा आल्या, शाळेवरची पाटी बदलली. बाई मात्र त्याच राहिल्या. १९९१ ला निवृत्त होईपर्यंत गावाने तिला दुसऱ्या नावाने हाक मारली नाही. नुसतं ‘बाई’.

मीही पुढे शिक्षिका झाले. माझ्या नोकरीत जे काही धड जमलं, ते बहुतेक तिच्याकडून उचललेलं होतं. तुला पहिली तीन वर्षं शिक्षणसेवक म्हणून १६,००० रुपये मानधनावर काढायची आहेत. एवढ्या पैशात खोलीचं भाडं, येण्याजाण्याचा खर्च आणि वरून कागदांचा ढीग. मन खट्टू व्हायचे दिवस येतील. तेव्हा उपयोगी पडावं म्हणून आईचे कानमंत्र लिहून देते आहे. एकेक करून वाच.

हजेरी मान वर करून घे

आई हजेरी घेताना नाव वाचायची आणि ‘हजर’ ऐकू आलं तरी थांबायची. मान वर करून त्या मुलाकडे बघायची, मगच पुढचं नाव. चाळीस मुलांना दहा मिनिटं लागत. कुणाचे डोळे लाल आहेत, कोण न जेवता आलंय, कुणाच्या पायाला चिंधी बांधली आहे, हे तिला पहिल्या दहा मिनिटांतच कळायचं.

सरकारी हजेरीपत्रकाखेरीज तिची स्वतःची एक वही असायची. दोनशे पानी, वर खाकी कागद घातलेली. एका मुलाला एक पान. वर हजेरीतलं नाव, त्याखाली घरी हाक मारतात ते नाव, मग घर कुठे, शेत कुणाचं, घरात म्हातारं माणूस कोण. पुढे वर्षभर सुचेल तसं एकेक ओळ. ‘हातचा घ्यायला विसरतो.’ ‘डाव्या कानाने कमी ऐकू येतं, पुढे बसवणे.’ ‘आई माहेरी गेली आहे, विचारू नये.’

संध्याकाळी कंदिलाची काच पुसून झाली की आमची प्रार्थना असायची. चटईवर बसून ती पवित्र शास्त्रातला एक भाग वाचायची आणि मग ही वही उघडायची. रोज पाच पानं. पाच मुलांची नावं घेऊन देवबापाजवळ मागायची. आम्ही भावंडं पेंगत असायचो. कुणाच्या खरजेसाठी प्रार्थना, कुणाच्या बापाची दारू सुटावी म्हणून, कुणाला सातचा पाढा यावा म्हणूनसुद्धा. आमेन म्हटल्यावर ती पेन्सिल उचलायची आणि त्या त्या पानावर उद्याचं काम लिहायची. खरजेच्या पानावर ‘गंधकाचं मलम’. पाढ्याच्या पानावर ‘मधल्या सुट्टीत चिंचोके’.

एकदा मी विचारलं होतं, देवाला सांगितलं ना, मग लिहितेस कशाला? ती म्हणाली, “देवाजवळ नाव घेतलं की ते काम आपल्या मागे लागतं. मागून मोकळं व्हायचं असेल तर मागूच नये.” माझ्या आईची सगळी श्रद्धा या एका वाक्यात आहे, असं मला आजही वाटतं.

तर पहिला मंत्र हाच. एक वही घाल, एक मूल, एक पान. मोबाइलमध्ये नको, वहीच. प्रार्थना करशील न करशील, ते तुझं तू ठरव. पण रोज पाच पानं उघडायचीच.

पहिले आठ दिवस भाषा ऐक

नवी बाई वर्गात आली की मुलं गप्प होतात. घरची बोली बोलली की बाई हसतील किंवा रागावतील, ही भीती असते. आई पहिल्या आठवड्यात कुणाचंही बोलणं सुधारायची नाही. ‘म्या आल्तो’ म्हणणाऱ्याला ‘मी आलो होतो’ म्हण असं सांगायची नाही. ‘बरं, मग काय झालं?’ एवढंच विचारायची. तांड्यावरच्या मुलांची घरची भाषा गोरमाटी. तिने त्यांच्याकडूनच शब्द गोळा केले. आईला ‘याडी’ म्हणतात, हे कळल्यावर ती मुलाला विचारायची, “याडी बरी आहे का?” ज्या मुलाने महिनाभर तोंड उघडलं नव्हतं, ते त्या एका शब्दावर बोलायला लागलं.

प्रमाण मराठी शिकवायची आहेच, ते तुझं कामच आहे. पण आधी त्यांची भाषा तुझ्या कानावर पडू दे. मग तुझी त्यांच्या कानाला खुपणार नाही.

अक्षरं घराच्या ओट्यावर आण

तुला पहिलीचा वर्ग देतील. नव्या माणसाच्या गळ्यात पहिली घालायची रीत जुनी आहे. घाबरू नकोस, पहिली मिळाली तर भाग्य समज.

आई अ आ इ ई पासून सुरुवात करायची नाही. ग म भ न पासून करायची. का, ते नीट बघ. या चारही अक्षरांना उजवीकडे उभा दांडा आहे. मुलाचा हात एकदा दांड्याला बसला की डावीकडचं वळण तेवढं शिकायचं राहतं. ती परातीत चुलीतली चाळलेली राख पसरायची आणि मुलाचं बोट धरून त्यात ‘ग’ काढायची. चुकलं की राखेत लगेच पुसता येतं आणि ती पाटीसारखी खरखरत नाही. चार अक्षरं आली की लगेच शब्द: मग, मन, नभ, गगन, नमन. मग एक काना दिला की नाग, मान, भान, मामा, नाना. पंधरा दिवसांत मूल स्वतः वाचतं. ज्या मुलाने ‘मामा’ स्वतः वाचला, ते धावत घरी जातं आणि भिंतीवर कोळशाने लिहितं. अशा भिंती पुसू देऊ नका, असं आई त्यांच्या घरी जाऊन सांगायची.

परात आणि राख आजही फुकट मिळते. राख नको असेल तर बारीक रेती घे.

संख्यांची गाठ काड्यांनी सोडव

आपल्या मराठीत संख्या बोलताना एकक आधी येतो आणि लिहिताना दशक आधी. सत्तावीस म्हणताना ‘सत्ता’ पुढे, लिहिताना २ पुढे. म्हणून मूल २७ ऐवजी ७२ लिहितं आणि मार खातं. त्याचा दोष नसतो, त्याने ऐकलं तसंच लिहिलेलं असतं. एकोणतीसचं आणखी अवघड. नावात तीस ऐकू येतं आणि लिहायचे २९. २०१९ साली दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘वीस सात’ अशी वाचनाची पद्धत आली, तेव्हा केवढा वाद झाला होता. आईच्या काळी ती नव्हती, पण अडचण हीच होती.

तिचा उपाय तुराट्यांचा. पऱ्हाटीच्या, तुरीच्या काड्या बोटभर मोडायच्या, दहा दहाच्या जुड्या सुतळीने बांधायच्या. सत्तावीस म्हटलं की दोन जुड्या डाव्या हाताला, सात सुट्या उजव्या हाताला. बोलू नको, आधी मांड. मांडलं तसं लिही. मग वाच. एकोणतीसला तीन जुड्या घेऊन एका जुडीतली एक काडी काढून बाजूला ठेवायची. नाव कुठून आलं, ते मुलाच्या हातालाच कळतं. काड्या मुलांनीच मोडायच्या, जुड्या मुलांनीच बांधायच्या. आयत्या दिल्या तर ते खेळणं होतं.

हात उगारण्याआधी विचार

हे तिने स्वतः मला सांगितलेलं आहे, म्हणून लिहिते. नोकरीच्या सुरुवातीला तिच्याकडेही छडी होती, निरगुडीची. एक मुलगा रोज उशिरा यायचा. एके दिवशी तिने त्याला हातावर दोन छड्या मारल्या. त्याने हात पुढे केला, ओरडला नाही. दुपारी त्याची आजी शाळेत आली, भांडायला नाही, माफी मागायला. त्याची आई आजारी होती, म्हणून पोरगं पहाटेपासून विहिरीवरून कावडीने पाणी आणत होतं आणि मग शाळेत येत होतं. तळहाताला आधीच फोड होते. त्याच फोडांवर छडी बसली होती.

आई त्या संध्याकाळी जेवली नाही. दुसऱ्या दिवशी वर्गासमोर त्या मुलाला म्हणाली, “माझं चुकलं.” छडी मोडून चुलीत घातली आणि मग एकोणीसशे एक्क्याण्णवपर्यंत पुन्हा हातात घेतली नाही. आता तर शिक्षण हक्काच्या २००९ च्या कायद्याने मारायला बंदीच आहे. पण कायदा आहे म्हणून हात आवरायचा असं करू नकोस. उशिरा आलेल्या मुलाला पहिला प्रश्न ‘उशीर का?’ असा न विचारता ‘सकाळपासून काय काय केलंस?’ असा विचार. उत्तरं ऐकून तू स्वतःच हात खाली घेशील.

आणि चूक झाली तर वर्गासमोर कबूल कर. बाई चुकतात आणि सांगतात, हे मुलांनी बघायला हवं.

मूल शाळेत येत नसेल तर शाळा मुलाकडे ने

बहात्तरचा दुष्काळ मला स्पष्ट आठवतो. मी पंधरा वर्षांची होते. विहिरी कोरड्या, रेशनवर लाल मिलो, शाळेत सुकडी यायची. ती वाटून झाली की उरलीसुरली मुलंही आईबापांच्या मागे खडी फोडायला जायची. वर्गात सात-आठ टाळकी. आईने चार दिवस बघितलं आणि पाचव्या दिवशी सुकडीचा डबा, पाट्यांची पिशवी आणि मला घेऊन ती खडीच्या कामावर गेली. मुकादमाला विनंती करून दुपारच्या जेवणसुट्टीत तिने बाभळीखाली मुलं बसवली. फार काही शिकवलं नाही. एक गोष्ट, दहा शब्द, एक बेरीज. मुलांच्या भुवयांवर दगडाची पांढरी धूळ बसलेली असायची. आई पदराने एकेकाचा चेहरा पुसायची आणि मग नाव विचारायची, जणू हजेरीच. पावसाळा आला तेव्हा त्यातली बहुतेक मुलं वर्गात परत आली, कारण मधल्या काळात शाळा त्यांना सुटलीच नव्हती.

तुझ्या वाट्याला तो दुष्काळ नको, पण ऊसतोड येणार आहे. दसरा झाला की मुकादमाकडून उचल घेतलेली कुटुंबं निघतात. नवरा-बायको मिळून एक कोयता. धाकट्याला सांभाळायला आणि कोपीवर भाकऱ्या थापायला नऊ-दहा वर्षांची मुलगी बरोबर नेतात. ती मार्च-एप्रिलला परत येते तेव्हा वर्ग पुढे गेलेला असतो. दोन हंगाम असे गेले की तिची शाळा संपली.

म्हणून ऑगस्टपासूनच यादी कर. कुठली टोळी, कुठला कारखाना, घरी आजी-आजोबा राहतात का, वहीत लिही. दसऱ्याआधी घरोघर जा. बापाशी बोलण्याआधी आजीशी बोल, मूल ठेवायचा निर्णय बहुतेक तीच करते. हंगामी वसतिगृहाची सोय असते, तिची माहिती आधीच काढून ठेव. निघायच्या दिवशी ट्रॅक्टरजवळ जाऊन काही होत नाही, तोवर उशीर झालेला असतो.

आईच्या वेळी वसतिगृह नव्हतं. एका वर्षी तीन बहिणी जाणार होत्या. हे कळलं त्या रात्री त्यांची नावं प्रार्थनेत आली आणि आई नंतर बराच वेळ अंधारात बसून राहिली. सकाळी त्यांच्या घरी जाऊन म्हणाली, “पोरी माझ्याकडे ठेवा, भाकरीला भाकर मिळवू.” सहा महिने त्या आमच्या दोन खोल्यांत राहिल्या. आमच्या ताटातल्या भाकरीला वाटेकरी झाले म्हणून मी रुसले होते. आज त्याची लाज वाटते. त्यातल्या धाकटीने पुढे अंगणवाडी चालवली.

तुला पोरी घरी आणायला मी सांगत नाही. तुझ्याकडे एक खोली आणि नवी नोकरी आहे. तेवढं धाडस अंगावर घेऊ नकोस. पण दार ठोठावायला खोली लागत नाही.

श्रद्धा घरून घेऊन जा, वर्गात वाटू नकोस

आपलं घराणं नगरच्या ख्रिस्ती मंडळीतलं. अमेरिकन मराठी मिशनचे लोक १८३१ साली नगरला आले, सिंथिया फरारबाईंनी इथे मुलींच्या शाळा चालवल्या आणि १८६२ मध्ये याच मातीत त्या गेल्या. सावित्रीबाई फुले शिक्षिकेचं प्रशिक्षण घ्यायला त्यांच्याकडेच नगरला आल्या होत्या. आई हे अभिमानाने सांगायची, पण त्याचा अर्थ ती असा लावायची, “आपल्या घरात पहिली पाटी कुणीतरी परक्याने आणून दिली. ती आपण परक्याच्या घरात नेऊन द्यायची.”

सदतीस वर्षांत तिने एकाही मुलाला धर्म सांगितला नाही. शाळा सरकारी होती, मुलं सगळ्या घरांतली होती. ती म्हणायची, माझा विश्वास फळ्यावर लिहायचा नाही, हातातून दिसला तर दिसू दे. गावात हरिनाम सप्ताह असला की ती रात्री कीर्तनाला मागे जाऊन बसायची. नारायण वामन टिळकांनी ख्रिस्ती भजनं अभंगाच्या चालीवर लिहिली, त्यामुळे टाळ-मृदंग तिच्या कानाला घरचाच वाटायचा. नाताळला गावातल्या बायका आमच्याकडे करंज्या लाटायला यायच्या. मढीच्या कानिफनाथांची यात्रा आली की वर्ग अर्धा रिकामा व्हायचा. ती चिडायची नाही. त्या आठवड्यात नवा धडा घ्यायची नाही आणि यात्रेहून आलेल्यांकडून वर्णन लिहून घ्यायची. हे तूही कर. तुझ्या शाळेचं कॅलेंडर आणि गावाचं कॅलेंडर शेजारी शेजारी टांग.

स्वतःचं मूल स्वतःच्या वर्गात असेल तर

हे तुला आत्ता लागणार नाही, पण लिहून ठेवते. चौथीत मी तिच्याच वर्गात होते. कुणी म्हणू नये म्हणून ती मलाच जास्त ओरडायची, माझं अक्षर सगळ्यांसमोर दाखवून नावं ठेवायची. पुष्कळ वर्षांनी, माझी ऑर्डर आली त्या दिवशी, ती म्हणाली, “तुझ्या बाबतीत मी न्याय करायला गेले आणि अन्याय केला. तुझं मूल वर्गात आलं तर त्याच्या वह्या दुसऱ्या शिक्षकाला तपासायला दे.” मी तसंच केलं.

आणखी एक. शनिवारी दुपारी शाळा सुटली की ती वही पेटीत ठेवायची आणि सोमवारी काढायची. रविवार देवाचा आणि घराचा. आता तुझ्या फोनवर सुट्टीच्या दिवशीही माहिती मागणारे संदेश येतील. तातडीचं असेल तेवढं कर, पण आठवड्यातला एक दिवस राखून ठेव. रिकामं मडकं पाणी देत नाही.

पेटीतून काय देते आहे

आई २०११ साली गेली. मातीला गाव लोटलं होतं. पाळकसाहेबांचं शास्त्रवाचन झालं आणि एक पिकल्या केसांचा माणूस पुढे आला. त्याने माझ्यासमोर दोन्ही तळहात उघडले आणि म्हणाला, “बाईंनी माझी माफी मागितली होती.” पुढे तो काही बोलला नाही, मीही विचारलं नाही. आईने त्याचं नाव मला कधी सांगितलं नव्हतं, पण मी त्याला ओळखलं.

पेटीतल्या वह्या मी तुला देणार नाही. त्यांत लोकांच्या घरातल्या गोष्टी आहेत, त्या माझ्याबरोबर जातील. तुला फक्त एक कोरी वही पाठवते आहे, दोनशे पानी, खाकी कागद घालून. जूनमध्ये शाळा उघडली की पहिल्याच दिवशी ती घेऊन जा. पहिलं नाव लिही, खाली घरची हाक लिही आणि संध्याकाळी खोलीवर परतण्याआधी त्या घराचा रस्ता विचारून ठेव.